वांगेराजाचा मुराळी

छप्पन साली मुडबीच्या पिराजीच्या घरात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. घर बौद्ध झालं, आणि गाव हैदराबाद स्टेटातून उठून म्हैसूर राज्यात गेलं. पहिली गोष्ट पिराजीनं स्वतः ठरवली होती. दुसरीबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण गावात कुणालाच विचारलं नसल्यामुळं, आपल्याला प्रथमच सगळ्यांच्या बरोबरीनं वागवलं, असं त्याला वाटलं म्हणतात.

पिराजी जलशात पेटी वाजवायचा. मुलगा नव्हता, म्हणून पेटी मुलीला शिकवली, आणि पेटी येते तर अक्षरंही यावीत म्हणून शाळेत घातलं. तीच सुशीला पुढं मुडबीच्या मराठी कन्याशाळेत संगीताची बाई झाली. शाळेला कुणीतरी हवं होतं आणि त्या पगारात मुडबीला यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ही नेमणूक निव्वळ गुणांवर झाली, असं पुढं संस्थेच्या भाषणांत सांगण्यात येऊ लागलं.

सुशीलाबाईंनी लग्न केलं नाही. वस्तीतल्या एका खोलीत त्या, पेटी आणि वडिलांचा फोटो असे तिघं राहत. शाळेत त्या दरवर्षी मुलींचं एक संगीत नाटक बसवीत. पहिल्या वर्षी देवादिकांचं नाटक घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठल्या घरच्या मुलीनं राम व्हायचं आणि कुठल्या घरच्या मुलीनं होऊ नये, यावर आठवडाभर चर्चा झाली. मग बाईंनी रामाला रजा दिली आणि स्वतःच ‘संगीत वांगेराज’ लिहिलं. त्यात वांगं राजा, भोपळा प्रधान आणि मिरची कोतवाल. भाजीला जात नसते, असा त्यांचा समज होता. तो पुरता खरा ठरला नाही. कांदा व्हायला सांगितलं म्हणून एका सोवळ्या घरानं पोर काढून नेली. पण बाकी नाटक पार पडलं, आणि दर चार-पाच वर्षांनी ते परत बसू लागलं.

सगळ्यांत चांगला वांगेराजा झाली ती सहासष्ट सालची नागू. डोक्यावर हिरव्या कागदाचा देठ बांधून ती दरबारात आली आणि हुकूम सोडू लागली, तेव्हा मागं उभे असलेले बापे खरोखरच दोन पावलं सरकले. पुढं दोन वर्षांत तिचं लग्न झालं. ठाणाकुशनूरला माणिकरावांच्या घरात दिली. तिथं हुकूम सोडणारे आधीच होते.

ही सगळी हकीगत एक्याऐंशी साली वर आली, कारण त्या साली शाळेत शिवणयंत्र आलं.

अनुदान एकाच कलेच्या बाईचं मिळणार होतं. गाणं ठेवायचं की शिवण, हे ठरवायला कमिटी बसली तेव्हा यंत्र अगोदरच संगीताच्या खोलीत येऊन टोपरं घालून बसलं होतं. चेअरमन जगदेवप्पांचं आडतीचं दुकान होतं. भाव फुटायच्या आधी माल उतरवून घ्यायची त्यांना सवय होती.

“बाई, मी गान्याच्या इरोधात न्हाई,” जगदेवप्पा म्हणाले. जे करायचं त्याच्या विरोधात आपण नाही, हे आधी सांगून टाकायची त्यांची पद्धत होती. “पन गानं शिकून पोरींचं झालं काय, तेवढं सांगा. ती वांगं झाल्याली पोरगी. काय नाव की तिचं?”

“नागू.”

“हां, नागव्वा! काय आवाज व्हता. मी सोता टाळ्या वाजविलो. आता तिची सासू तिला तोंड उघडू देत न्हाई म्हंतेत. गेलं का न्हाई गानं शेनात? शिवन शिकली आसती तर चार झंपर तरी शिवली आसती.”

कमिटी हसली. सुशीलाबाईंना वडिलांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या: हसणाऱ्यांपुढं रडायचं नाही, आणि सूर लागला की सोडायचा नाही.

“औंदा वांगेराजच बसवायलेव,” त्या म्हणाल्या. “जुन्या पोरींनाच बलिवते खेळ बघाया. नागूलाबी.”

“बलवा की!” जगदेवप्पा खुशीत आले. सौदा दिसला की ते खुशीत येत. “ती आली, आन् तिला वांग्याचं एक जरी गानं याद आसलं, तर यंत्र मी माज्या घरी न्हेतो. न्हाई तर पुढल्या सालापास्नं पोरी शिवन शिकतेल. कबूल?”

बाई कबूल म्हणाल्या. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

मग त्यांनी चूक केली. बसवकल्याणला जाऊन कार्डं छापून आणली. ‘माजी विद्यार्थिनींना आग्रहाचे निमंत्रण’, वर वांग्याचं चित्र. टपालानं सगळीकडं धाडली. बीदरच्या दवाखान्यात नर्स झालेल्या एकीचं उत्तर आलं, की येते. बाकी कुणाचं काही नाही. आणि एके दिवशी ठाणाकुशनूरकडच्या मोटारीचा कंडक्टर हावगेप्पा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

“निरोप हाय,” तो म्हणाला, आणि कमरेवर हात ठेवून वेगळ्याच आवाजात बोलू लागला. “‘कागूद काय मुराळी हाय व्हय? सून न्ह्यायची आसली तर मानूस धाडा!’” मग हात खाली घेऊन स्वतःच्या आवाजात म्हणाला, “सुभद्राबाई म्हनली. नागूबाईची सासू. मला न्हाई म्हनली, तुमाला म्हनली.”

चूक सुशीलाबाईंच्या तेव्हा ध्यानात आली. सासरची मुलगी निमंत्रणावर निघत नसते. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. भाऊ, चुलता, कुणीतरी. तो मुराळी. तो शिदोरी घेऊन येतो, सासरी जेवतो, आणि एकदा तो जेवला की मुलगी धाडावीच लागते. धाडायची नसेल तर तो पाटावर बसायच्या आधी सांगावं लागतं. आणि मुराळी उपाशी परत गेला, तर त्या घराची अब्रू त्याच्या मागोमाग वेशीबाहेर गेली असं समजतात. हे सगळं बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त शाळा म्हणजे कुणाचं माहेर असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी आपलं कार्ड धाडलं. आणि ज्या घरात कागद म्हटला की कोर्टाचा, त्या घरात ते पोचलं.

नागूचा बाप वारला होता. भाऊ सोलापूरच्या गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. त्यानंतर नागूला न्यायला कुणी आलेलंच नव्हतं.

“मग जावा की बाई, तुमीच मुराळी हुन,” निरोपाची हकीगत ऐकून जगदेवप्पा म्हणाले आणि हसले. पुढचं ते बोलले नाहीत. बाईंनीही विचारलं नाही. पिराजीच्या लेकीला ठाणाकुशनूरच्या माणिकरावांच्या घरी कुणी पाटावर बसवणार आहे का, हा तो पुढचा भाग होता. आणि तो न बोलताच सगळ्यांना ऐकू येत होता.

खेळाच्या आदल्या दिवशी जायचं ठरलं. शिदोरीत काय न्यायचं, हा पहिला पेच. शिधा नेला असता तर सोपं होतं. डाळ, गूळ, गव्हाचं पीठ कुणीही कुणाच्याही हातून घेतं. कच्च्या अन्नाला विटाळ होत नाही, हा शोध कुणीतरी सोयीनं लावून ठेवलेला आहे. पण पिराजीनं हयातीत कुठं शिधा नेला नव्हता. “शिधा म्हंजे भिऊन न्हेल्यालं अन्न,” तो म्हणायचा. बाईंनी शेंगापोळ्या केल्या आणि धुतल्या फडक्यात बांधल्या.

भालकीला मोटार बदलताना मात्र त्यांचा धीर सुटला. त्या वाण्याच्या दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि गुळाचा भाव विचारला. वाण्यानं ढेप फोडायला घेतली. बाई म्हणाल्या, “नको, नुस्तं इचारलं,” आणि परत येऊन मोटारीत बसल्या. गाठोडं मांडीवर होतं. ते अजून कोमट होतं, आणि त्याचं ओझं वाटत होतं.

माणिकराव सोप्यात बाजेवर तंबाखू मळत बसले होते. समोरच्या गल्लीत दोन-तीन बाया सूप घेऊन दारात होत्या. परकं माणूस दिसलं तशी त्यांची पाखडायची घाई वाढली.

“कुनाच्या म्हनायच्या?” माणिकरावांनी विचारलं.

‘शाळेच्या’ असं सांगता आलं असतं. तेवढ्यानं घोटभर पाण्याची सोय झाली असती.

“मुडबीच्या पिराजीची लेक,” गाठोडं मांडीवर घेऊन सोप्याच्या पायरीवर टेकत सुशीलाबाई म्हणाल्या. “नागूला न्ह्यायला आलेय. मुराळी.”

माणिकरावांचा अंगठा तळहातावर थांबला. “पेटीवाला पिराजी?”

“व्हय.”

“आल्ता की हितं जलसा घिऊन. लई मागं. चावडीच्या आडून ऐकलो मी.” ते क्षणभर आठवणीत रमले. मग समोरच्या गल्लीकडं बघितलं आणि सावध झाले. घरधनी असल्याचा एक फायदा असतो. अवघड गोष्ट आत ढकलता येते. त्यांनी ढकलली. “ऐकलीस का गं? मुराळी आलाय म्हनं!”

दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत एक अल्युमिनियमचा कप पालथा घातलेला होता. तो कुणासाठी असतो, हे सुशीलाबाईंना विचारायची गरज नव्हती. असे कप त्यांनी बऱ्याच देवळ्यांत पाहिले होते.

तेवढ्यात नागू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोईवर पदर, कमरेला किल्ल्या. बाईंना पाहून ती जागीच उभी राहिली. तिच्या हातात तांब्या होता आणि वाटेत कप होता.

“थांब, नागे.” आतून आवाज आला.

सुभद्राबाई पिठाच्या हातांनी चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी गाठोड्याकडं बघितलं, मग कपाकडं, मग गल्लीकडं.

“मुराळी बाप्या आसतोय,” त्या म्हणाल्या.

“तिचा भाऊ सोलापुरात हाय. त्यो येईना झालाय.”

“मग तुमी कामून आलाव?”

“तुमीच म्हनलाव, मानूस धाडा. माज्याजवळ धाडाया दुसरं मानूस न्हाई.”

सुभद्राबाईंनी हे तोलून बघितलं. “त्यात काय हाय? शिधा?”

“न्हाई. शेंगापोळ्या.”

“कुनी केल्या?”

“मी.”

गल्लीतली सुपं थांबली. सुभद्राबाईंची अडचण सुशीलाबाईंना स्वच्छ दिसत होती. या घरात एक रीत अशी होती की पिराजीच्या लेकीला ताट द्यायचं नाही. दुसरी रीत अशी होती की मुराळ्याला ताट दिल्याशिवाय धाडायचं नाही. दोन्ही रीती सुभद्राबाईंनी जन्मभर काटेकोर पाळल्या होत्या, कारण आजवर त्या एकाच उंबऱ्यावर एकाच वेळी आल्या नव्हत्या. आणि माणूस धाडा असा निरोप हावगेप्पानं भरल्या मोटारीत सांगत सांगत नेला होता. आता माणूस आलं होतं.

“उगं त्यांची गाडी चुकंल,” माणिकराव छपराच्या पत्र्याकडं बघत म्हणाले. “च्या घिऊन जातेल की.”

च्या म्हणजे कप. बाईंनी गाठोड्याची गाठ मुठीत धरली. उद्याचा खेळ, पेटी, टोपरं घातलेलं यंत्र, सगळं त्या क्षणी नागूच्या हातातल्या तांब्यावर तरंगत होतं.

“च्यावर धाडतेत व्हय मुराळ्याला?” सुभद्राबाई नवऱ्यावर कडाडल्या. “माज्या दारातनं कंचा मुराळी उपाशी गेलाय आजवर, सांगा की!”

किती वर्षांत आलाच नाही, हे कुणी सांगितलं नाही.

त्या पुढं झाल्या. हात पदराला पुसले, बाईंच्या मांडीवरचं गाठोडं उचललं, सोडलं, एका पोळीचा तुकडा मोडला आणि गल्लीकडं तोंड करून खाल्ला. सावकाश चावून खाल्ला. एका सुपातले दाणे सांडले.

“तूप कमी पडलंय,” त्या म्हणाल्या. “नागे, ताट आन. पितळंचं.”

“कुटं... आत?” माणिकरावांनी दबकत विचारलं.

“सोप्यात. हितं वारं हाय.”

सुशीलाबाईंच्या ते लक्षात आलं. ताट घरातलं होतं. माजघर मात्र घरातच राहिलं होतं. त्या सोप्यात बसल्या आणि जेवल्या. जवारीची भाकरी, तुरीचं वरण आणि भरलं वांगं.

नागू वाढायला वाकली तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, “याद हाय का गं गानी?”

नागूनं चुलीकडं एक नजर टाकली. “काय की, बाई,” ती म्हणाली, आणि वरण वाढून आत गेली.

निघताना दुसरं संकट उभं राहिलं. सुभद्राबाई नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन बाहेर आल्या. “मी बी येते. मुक्कामाला बसवकल्यानात माजी भन हाय, तिच्याकडं थांबू. सून एकटी धाडत न्हाई मी. काय शिकविताव, ते बघते एकदा.”

नागू आली होती. पण तोंड उघडू न देणारी सोबत होती. जगदेवप्पांची अट दोन भागांची होती आणि बाईंनी तिचा सोपा भाग पुरा केला होता.

खेळ दुपारी ठेवला होता, कारण संध्याकाळच्या विजेवर मुडबीत कुणी विसंबत नसे. शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या जुन्या मुलींसाठी होत्या. बीदरची नर्स आली होती, गावातच दिलेल्या दोघी-तिघी आल्या होत्या. बाकीच्या खुर्च्यांवर ऊन बसलं होतं. आपण आणखी किती घरी मुराळी म्हणून जायला हवं होतं, हे सुशीलाबाईंना त्या उन्हाकडं बघून कळलं.

जगदेवप्पा मुद्दाम नागूजवळ आले. “आलाव का नागव्वा! बरं केलाव. याद हाय का वांग्याचं गानं?”

नागूनं पदर पुढं ओढला.

“काय याद?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“गानं की, अक्का. ही राजा झाल्ती हितं.”

वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याकडं बघावं तसं सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. जगदेवप्पा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बसता बसता पेटीवरच्या सुशीलाबाईंकडं वळून हसले. हसणं दयाळू होतं. बाईंना तेच सोसवेना.

पडदा सरला. सातवीतली एक पोर देठ सावरत दरबारात आली आणि गाऊ लागली:

मी वांगेराजा, डोईवर देठ,
माझ्या हुकमाखाली बाजारपेठ!

बाई पेटी वाजवत होत्या, पण नजर पहिल्या रांगेवर होती. नागूचे ओठ मिटलेले. ध्रुपद संपलं. मिटलेलेच. बाईंच्या हातातला भाता एकदा चुकला. तो त्यांनी सावरून घेतला. जगदेवप्पांनी घड्याळ पाहिलं. कडवं आलं.

मिरचे, तू कोतवाल, ये लाल फेटा बांधून—

“भोपळा आदुगर!”

आवाज पहिल्या रांगेतून आला होता, आणि तो दबका नव्हता. पेटी थांबली. वांगेराजा तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

“भोपळा परधान हाय,” सुभद्राबाई स्टेजकडं बोट करून म्हणाल्या. “परधानाच्या आदी कोतवाल कसा यील? आसं हाय ते—” आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली:

भोपळ्या, तू प्रधान, बस पोट... सावरून—

पोर ओळ चुकली होती; हा क्रम बरोबर होता, आणि चालही. पण सुशीलाबाईंनी टिपलं ते वेगळंच. ‘पोट’पाशी सुभद्राबाईंनी श्वास घेतला होता. लिहिताना तिथं श्वास नव्हता. सहासष्ट साली नागूला ती ओळ एका दमात जमेना, म्हणून बाईंनी फक्त तिच्यापुरती ती तिथं तोडून दिली होती. मागून कुठल्याच वांगेराजाला तशी शिकवली नव्हती.

“अक्का,” जगदेवप्पा खुर्चीत सरळ झाले, “तुमाला कसं ठावं?”

“कसं म्हंजे? तुरी भरडताना रोज हेच आसतंय की कानाशी! समद्यांच्या सुना वव्या म्हंतेत, माजी सून भोपळा-मिरची म्हंतीया. म्या म्हनलं, बाई गं, घरात म्हन, भाईर तोंड उघडू नगंस. लोकं हासतेल.” मग त्या मागं वळून मांडवावर डोळे वटारून म्हणाल्या, “हासायलेत का न्हाई बघा!”

मांडव खरोखरच हसत होता. नागूचा पदरही हलत होता. तो खाली घसरला तेव्हा दिसलं, तीही हसत होती. आणि हसता हसता वांगेराजाला खुणेनं सांगत होती, कडवं पहिल्यापासून घे.

त्यानं घेतलं. पहिल्या रांगेतून दोन आवाज मिसळले. एक चांगला होता.

जगदेवप्पा गाण्याच्या बाजूनं पहिल्यापासूनच होते, असं त्यांनी समारोपाच्या भाषणात सांगितलं. यंत्र त्यांनी घरी नेलं नाही. ते संगीताच्या खोलीतच राहिलं आणि पुढल्या खेळापासून भाज्यांचे कपडे त्यावर शिवले जाऊ लागले. सुशीलाबाई निवृत्त होईपर्यंत कार्ड म्हणून कधी छापलं गेलं नाही. खेळाच्या आधी महिनाभर रविवारच्या रविवारी त्या गाठोडं घेऊन मोटारीत बसत. काही घरी त्यांना ताट मिळालं, काही घरी कप. कप मिळाला की त्या उठत, आणि पुढल्या वर्षी परत जात.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर सुभद्राबाई स्टँडकडं निघाल्या. “सून चार दिस ठिवा,” त्या म्हणाल्या. “मुराळ्यानंच आनून घालायची आसती, ध्यानात हाय न्हवं?”

“हाय की. घरी चला, च्या घ्या.”

“गाडी हाय.”

गाडीला अवकाश होता. दोघींनाही ते माहीत होतं. वस्ती शाळेच्या मागंच होती. सुभद्राबाई त्या दिशेला न बघता स्टँडवरच्या दगडावर बसून राहिल्या, आणि सुशीलाबाई त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या.

मोटार आली. सुभद्राबाई चढल्या, खिडकीत बसल्या, आणि पिशवीतून कालचं फडकं काढून बाहेर धरलं. शिदोरीचं फडकं रिकामं परत करत नाहीत. ते गच्च बांधलेलं होतं.

“पुढल्या साली कागूद धाडू नगा,” त्या म्हणाल्या.

बाईंनी गाठोडं हातात घेतलं. शिधा असता तर जड लागला असता. हे मऊ होतं, आणि फडक्यातून तूप बाहेर आलं होतं.